तोंडातील सूक्ष्मजीव : त्यांचे अन्न आणि आपले दात

(तळेघर, ता. आंबेगाव, जि. पुणे येथे प्राथमिक शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चैत्र-वैशाखात तळेघरच्या परिसरातील कोणत्याही वाडीवर गेले तरी अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला दिसतो. भीमाशंकरच्या डोंगररांगांतील महादेव कोळी कुटुंबांना पावसाळ्याच्या तोंडाशी रोख पैसा देणारे हे फळ होय. भात, नाचणी आणि वरई घरात खाण्यापुरती. मीठमिरची, कापडचोपड आणि मुलांच्या वह्या यांसाठी लागणारा पैसा बव्हंशी हिरड्यातून उभा राहतो. तुरट चवीच्या या फळाला आयुर्वेदाने त्रिफळ्यात मानाचे स्थान दिले आणि जुन्या पिढीने दंतमंजनातही त्याचा उपयोग केला. असे असता, ज्या अंगणात हिरडा वाळतो त्याच अंगणात सहासात वर्षांचे एखादे मूल गालाला हात लावून बसलेले आढळावे, हा विरोध विचार करण्याजोगा आहे. दाढ ठणकते म्हणून शाळा बुडते. उपचारासाठी घोडेगाव किंवा मंचर गाठावयाचे तर घरातील एका कर्त्या माणसाची दिवसाची मजुरी जाते. शेवटी लवंग दाढेत धरून मूल झोपी जाते आणि दाढ आतून पोखरतच राहते.

दाताला 'कीड' लागली, असे आपण म्हणतो. या शब्दामागे एक फार जुनी समजूत आहे. दाढेत खरोखरीचा किडा शिरतो आणि तो दाढ कुरतडतो, असे खेड्यापाड्यांतून आजही मानले जाते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडणारे जाणकार अनेक गावांत होते व काही ठिकाणी अद्यापही आहेत. ही समजूत केवळ आपल्याकडचीच नव्हे. प्राचीन बाबिलोनमध्ये, चीनमध्ये आणि युरोपातही ती होती. दाढेत असा किडा नसतो, हे आता शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. तथापि जुन्या समजुतीत सत्याचा एक अंश होता, हेही मान्य केले पाहिजे. दात किडण्याच्या मुळाशी सजीवच आहेत. मात्र ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते दात खात नाहीत. ते काय खातात, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हे सजीव प्रथम पाहिले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या एका कापड व्यापाऱ्याने. आंतोन व्हान लेवेनहूक हे त्याचे नाव. स्वतः घासून तयार केलेल्या भिंगातून त्याने आपल्याच दातांच्या फटींतील पांढरा मळ पाहिला आणि त्यात हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म प्राणी असल्याचे १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. त्यानंतर दोनशे वर्षे या प्राण्यांचा आणि दात किडण्याचा संबंध कोणाला नेमकेपणाने जोडता आला नाही. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० साली तो जोडला. तोंडातील जंतू साखर व पिष्टमय अन्न आंबवून आम्ल निर्माण करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९२४ साली लंडनमध्ये किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक विशिष्ट जंतू वेगळा केला. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे त्याचे नाव. त्याचा कारभार पुढे पाहावयाचा आहेच.

मानवी तोंडात आढळणाऱ्या जंतूंचे आजपर्यंत सुमारे ७०० प्रकार नोंदले गेले आहेत. एका व्यक्तीच्या तोंडात ते सर्वच्या सर्व नसतात. पण शे-दोनशे प्रकार सहज सापडतात. दातांचा पृष्ठभाग, जिभेचा खरखरीत मागचा भाग, गालाची आतली बाजू, दात आणि हिरडी यांमधील बारीक खाच, अशा निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या जातींची वस्ती असते. डोंगराळ गावात कोणी खाचरातील भातावर, कोणी जनावरांवर, तर कोणी रानातील हिरड्यावर गुजराण करतो. तोंडातील वस्तीचेही तसेच आहे. कोणी साखरेवर जगतो, कोणी प्रथिनांवर, कोणी दुसऱ्याने टाकून दिलेल्या पदार्थावर. सर्व जंतू शत्रू आहेत, ही समजूत चुकीची आहे. यांतील बहुसंख्य निरुपद्रवी असून कित्येक उपकारकही आहेत. वस्तीत कोणाचे संख्याबळ वाढावे, हे मुख्यतः कोणाला किती वेळा अन्न मिळते यावर ठरते.

दोन जेवणांच्या मधल्या काळात आणि रात्रभर ही वस्ती कशावर जगते? लाळेवर. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारणपणे अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते. लाळेला बुळबुळीतपणा आणणारी म्यूसिन नावाची प्रथिने असतात व त्यांच्या अंगावर शर्करांच्या लांब साखळ्या चिकटलेल्या असतात. हे अन्न पचविणे मोठे जिकिरीचे आहे. कोणत्याही एका जातीच्या जंतूजवळ त्यासाठी लागणारी सर्व विकरे, म्हणजे पदार्थांचे तुकडे करणारी रासायनिक हत्यारे, नसतात. एक जात साखळीच्या टोकाचा कण तोडते, दुसरी त्याखालचा, तिसरी उघड्या पडलेल्या प्रथिनाचे तुकडे करते आणि मग सर्वांच्या वाट्याला थोडेथोडे येते. तळेघरच्या श्रोत्यांना याची कल्पना देण्यासाठी दूर जावयास नको. डोंगरउतारावर भातखाचर घालावयाचे तर एका घराचे बळ पुरत नाही. सर्वांनी मिळून पडकई करावी लागते. लाळेवरची ही पडकई सावकाश चालते, तीत आम्ल फारसे तयार होत नाही आणि जो थोडाफार बिघाड होतो तो लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट भरून काढतात. लाखो वर्षे मनुष्याच्या दातांचा आणि या वस्तीचा संसार असाच चालत आला.

साखर तोंडात आली की चित्र पालटते. ती फोडण्यासाठी कोणाची मदत लागत नाही. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स आणि त्याचे भाईबंद ती थेट आत ओढून घेतात व काही क्षणांत तिचे लॅक्टिक आम्ल करतात. दुधात विरजण लावल्यावर ज्या आम्लाने दही आंबट होते तेच हे आम्ल. फरक इतकाच की दह्याचे आम्ल भांड्यात राहते आणि हे आम्ल दातावरच्या चिकट थराखाली, दंतवल्काला म्हणजे दाताच्या कठीण कवचाला अगदी भिडून राहते. अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात दातांवरील थराचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप, प्रत्यक्ष मोजला. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच तो झपाट्याने खाली गेला आणि पूर्ववत होण्यास अर्ध्या तासापासून तासापर्यंत अवधी लागला. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतात. तो वर आला की लाळ त्यांची भरपाई करू लागते. म्हणजे प्रत्येक गोड घासागणिक दाताची झीज सुरू होते आणि दोन गोड घासांच्या मधल्या वेळात डागडुजी. डागडुजीला उसंत मिळाली तर दात टिकतो, न मिळाली तर खड्डा पडतो. इतका हा साधा हिशेब आहे.

उसाच्या साखरेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते आणि ती आंबेगाव तालुक्यातील लोकांना विशेष समजण्यासारखी आहे. तालुक्याच्या पश्चिमेला हिरडा, तर पूर्वेला ऊस. डिंभे धरणाचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे जाते, तेथे ऊस पिकतो आणि पारगावच्या भीमाशंकर सहकारी साखर कारखान्यात त्याचे गाळप होते. ऊस तोडल्यानंतर तो लवकर गाळला नाही, शिळा झाला, तर त्याच्या रसात एक प्रकारचा बुळबुळीत, तार धरणारा पदार्थ तयार होतो आणि साखर नीट बसत नाही, हे कारखान्यातील कामगारांच्या नित्याच्या अनुभवाचे आहे. ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू उसाच्या साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा हा चिकट पदार्थ बनवितो. दातावरचा म्युटन्स जंतू जवळजवळ हीच किमया करतो. उसाच्या साखरेचा एक भाग तो खातो आणि दुसऱ्या भागापासून डिंकासारखा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार करून स्वतःला दातावर घट्ट चिकटवून घेतो. या डिंकात इतर जंतू अडकतात, थर जाड होतो आणि लाळ आत पोहोचेनाशी होते. याखेरीज साखर भरपूर मिळाली तर तो काही भाग आपल्या शरीरात साठवून ठेवतो आणि तोंड रिकामे असतानाही त्यावर आम्ल बनवीत राहतो. कणगीत धान्य भरून ठेवणाऱ्या शेतकऱ्याचे शहाणपण या जंतूतही आहे, असे म्हणावे लागते.

येथे गुळाविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे, कारण गूळ म्हणजे साखर नव्हे, अशी ग्रामीण भागात दृढ समजूत आहे. गुळात काही खनिजे असतात, हे खरे. परंतु त्याचा मोठा भाग उसाची साखरच होय आणि जंतूला दोहोंतील भेद कळत नाही. काकवी व मध यांचीही गत निराळी नाही.

गोड पदार्थ किती खाल्ले यापेक्षा ते कितीदा आणि कोणत्या स्वरूपात खाल्ले याला अधिक महत्त्व आहे, ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाली ती स्वीडनमध्ये. व्हिपेहोल्म येथील मतिमंदांच्या संस्थेत १९४५ नंतर काही वर्षे हा प्रयोग चालला आणि १९५४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्या गटात दातांची कीड फार वाढली नाही. पण दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या खाणाऱ्या गटात ती भयंकर वाढली. ज्यांना संमती देण्याचीही शक्ती नव्हती अशा असहाय माणसांचे दात या प्रयोगापायी किडविण्यात आले. विज्ञानाच्या इतिहासातील हा एक डाग आहे आणि त्या निष्कर्षांचा उपयोग करताना त्या माणसांचे स्मरण ठेवणे उचित होय.

हा निष्कर्ष शाळेच्या फाटकाबाहेरच्या दुकानाला लावून पाहावा. सकाळी गोड चहा, शाळेत येताना एक गोळी, मधल्या सुटीत क्रीमची बिस्किटे, घरी जाताना पुन्हा गोळी, संध्याकाळी पुन्हा चहा. पैशाने मोजले तर खर्च अगदी किरकोळ; वजनाने मोजली तर साखरही फार नव्हे. परंतु पाच वेळा आम्लाचा हल्ला झाला आणि प्रत्येक वेळी अर्धा तास धरला तरी अडीच तास दंतवल्क विरघळत राहिले. गोळी गालात धरून चघळली तर हा काळ आणखी लांबतो. हीच साखर जेवणाबरोबर एकदाच पोटात गेली असती तर जेवताना सुटणाऱ्या भरपूर लाळेने तिचा बराचसा उपद्रव टळला असता. अशा प्रकारे वारंवार आम्ल तयार होऊ लागले की वस्तीची रचनाही बदलते. आम्ल सहन न होणारे निरुपद्रवी जंतू कमी होतात आणि ते सहन करणारे वाढतात. इंग्लंडमधील फिलिप मार्श यांनी १९९० च्या दशकात हा विचार मांडला. रोग बाहेरून येत नाही, वस्तीतील समतोल बिघडल्याने उद्भवतो, हे त्याचे सार होय.

भात आणि भाकरी यांचे काय, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होईल. पिष्टमय पदार्थ जंतूंना जसेच्या तसे वापरता येत नाहीत. लाळेतील अमायलेज हे विकर प्रथम त्यांची माल्टोज नावाची साखर करते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो तो यामुळेच. काही जंतू तर हे विकर स्वतःच्या अंगाला चिकटवून घेतात आणि माणसाच्याच हत्याराने आपले अन्न मिळवितात. तथापि ही क्रिया सावकाश होते. नाचणीची भाकरी चावावी लागते, चावताना लाळ सुटते आणि घास लवकर गिळला जातो. म्हणून तिच्यापासून दाताला भीती कमी. बारीक मैदा आणि साखर एकत्र भाजून केलेले बिस्किट मात्र दाढेच्या खाचांत लिंपले जाते व तेथे तासन्‌तास राहते. पूर्वापार आहार सोडून बाजाराचे खाणे पत्करण्यात दातांचाही तोटा आहे, तो असा.

परंतु सारा दोष साखरेवर ढकलून चालणार नाही. दात मुळातच कच्चा असेल तर थोडे आम्लही त्याला पुरते. याचा पुरावा याच घोड नदीच्या काठी सापडला आहे. आंबेगावच्या पश्चिम डोंगरांतून निघणारी ही नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावजवळून वाहते. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि साधारण तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या, बार्ली पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. मृत बालकांना मातीच्या कुंभांत घालून घराच्या जमिनीखाली पुरण्याची तेथे प्रथा होती. त्या बालकांच्या दुधाच्या दातांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाक्स यांनी केला, तेव्हा दंतवल्क नीट न भरल्याच्या खुणा आढळल्या. अशा खुणा मूल गर्भात असताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत त्याची वाढ खुंटली म्हणजे उमटतात आणि कायम राहतात. गरोदर मातेचा आणि तान्ह्या बालकाचा आहार हा दातांच्या आरोग्याचा पहिला पाया आहे, असे तीन हजार वर्षांपूर्वीचे ते दात सांगतात. अंगणवाडी सेविकेचे काम येथे दंतवैद्याच्या आधी येते.

तोंडातील दुसरा मोठा गट साखरेकडे ढुंकूनही पाहत नाही. हिरडी आणि दात यांच्या मधल्या खाचेत, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे प्रथिनांवर जगणारे जंतू राहतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यांतील सर्वांत उपद्रवी. हिरडीतून पाझरणारा द्रव आणि रक्त हे त्याचे अन्न. प्रथिने तोडणारी तीव्र विकरे तो सोडतो आणि रक्तातील लोह मिळवितो. दातावरचा थर साचून हिरडी सुजली की हा द्रव वाढतो, रक्त येऊ लागते, म्हणजे या जंतूंना अधिक अन्न मिळते. ते वाढले की हिरडी आणखी सुजते. हळूहळू दात धरून ठेवणारे हाड झिजते आणि न किडलेला, धडधाकट दिसणारा दातही हलू लागतो. 'आमच्या म्हाताऱ्याने कधी साखर खाल्ली नाही, तरी दात पडले', असे जेव्हा ऐकू येते तेव्हा त्यामागे बहुधा हा दुसरा गट असतो. हिरडीतून रक्त आले की त्या जागी ब्रश वा बोट लावावयाचे नाही, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तेथेच हलक्या हाताने, पण नीट स्वच्छता हवी असते, कारण रक्ताचा तो थेंब म्हणजे या जंतूंच्या पंगतीचे आमंत्रण होय.

येथे मिश्रीचा उल्लेख टाळता येत नाही. तंबाखू भाजून केलेली ही पूड सकाळी दात घासण्यासाठी म्हणून हाती घेतली जाते आणि पुढे दिवसातून चार-चार वेळा लागते. घरातील स्त्रिया तिला व्यसन मानीत नाहीत. दात साफ करणे मानतात. तंबाखूतील निकोटिनमुळे हिरडीतील रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रोग आत वाढत असताना रक्त मात्र कमी दिसते, आणि मिश्रीने हिरडी घट्ट झाली, असा चुकीचा समज होतो. मुखाच्या कर्करोगाची भीती तर आहेच. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिश्री किंवा तत्सम बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरले. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. चुलीवर भाजलेली मिश्री मात्र कोणत्याही बंदीच्या आवाक्यात येत नाही. तेथे सासूने सुनेला आणि आईने मुलीला सांगणे हाच उपाय.

आता या वस्तीतील उपकारक रहिवाशांविषयी. त्यांची माहिती अलीकडच्या काही दशकांत अधिक स्पष्ट झाली आहे. व्हेलोनेला नावाच्या जंतूला साखर वापरता येत नाही. तो म्युटन्ससारख्यांनी टाकलेले लॅक्टिक आम्लच खातो आणि त्यापासून कमी तीव्रतेची आम्ले बनवितो. काही जंतू लाळेतील युरिया आणि आर्जिनिन यांपासून अमोनिया तयार करतात व आम्ल मारून टाकतात. जिभेच्या मागच्या भागावरील काही जातींचे काम तर दातांच्या पलीकडचे आहे. हिरव्या पालेभाज्यांतील नायट्रेट आतड्यातून रक्तात आणि रक्तातून पुन्हा लाळेत येते. हे जंतू त्याचे नायट्राइट करतात. ते गिळले गेले की शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनते आणि रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी यांसारख्या भाज्या ताटात येतात तेव्हा जेवणाऱ्याबरोबर या जंतूंचीही सोय होते. जंतुनाशक औषधाने रोज खळखळून चुळा भरल्या तर हेही मारले जातात. म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून अशा औषधांची सवय लावून घेणे इष्ट नव्हे. जिभेवर गंधकयुक्त प्रथिने फोडणारे जंतूही असतात आणि तोंडाची दुर्गंधी बहुतांशी त्यांच्यामुळे येते. त्यांच्यासाठी सकाळी जीभ घासणे पुरेसे आहे, आणि ती आपली जुनी चाल आहेच.

यानंतर पुन्हा हिरड्याकडे वळले पाहिजे. मुंबईच्या बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसीमधील जगताप व करकेरा या संशोधकांनी १९९९ साली हिरड्याच्या पाण्यातील अर्काचा म्युटन्स जंतूवर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. अर्कामुळे जंतूची वाढ रोखली गेली. इतकेच नव्हे, तर साखरेच्या साहाय्याने चिकटून बसण्याची त्याची शक्तीही कमी झाली. दहा टक्के अर्काने चूळ भरल्यावर लाळेतील जंतूंची संख्या तीन तासांपर्यंत घटलेली आढळली आणि साखरेचे आम्ल करण्याची त्यांची क्रिया दीड तासापर्यंत मंदावलेली राहिली. ज्या फळाची पोती तळेघरहून व्यापाऱ्यांकडे जातात, त्याच्या अंगी जंतूच्या अन्नमार्गातच अडथळा आणण्याचा गुण आहे, ही येथील लोकांना आनंद वाटावी अशी गोष्ट आहे.

मात्र या निष्कर्षाचा विपर्यास होऊ नये. गाळलेल्या पाण्याची चूळ भरणे वेगळे आणि हिरड्याची भरड पूड, कोळसा किंवा विटकर दातांवर खसाखसा घासणे वेगळे. भरड पुडीने दंतवल्कच झिजते. हिरड्याचा परिणाम काही तासांचा असतो व थर काढण्याचे काम तो करीत नाही. त्यासाठी कडुनिंबाची किंवा बाभळीची नीट चावून मऊ केलेली काडी अथवा ब्रश हवाच. फ्लोराइडयुक्त पेस्टचे कार्य याहून पक्के आहे. फ्लोराइड दंतवल्काची डागडुजी वेगाने करविते आणि जंतूच्या शरीरातील साखर फोडणाऱ्या एका विकरालाही अडविते. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. लहान मुलांना त्याहूनही कमी. रात्री झोपण्यापूर्वी घासणे सर्वांत महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि रात्रीच्या जेवणानंतर तोंडात राहिलेले गोड सकाळपर्यंत तेथेच राहते. तान्ह्या मुलाच्या तोंडात साखरेच्या दुधाची बाटली देऊन त्याला झोपविणे याच कारणासाठी घातक आहे. आईचे दूध पाजण्याविषयी मात्र कोणीही शंका घेऊ नये.

शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना यात काय करता येईल? कुपोषणाची छाया असलेल्या भागात मुलांचे गोड तोडा, असे सरसकट सांगणे अविचाराचे ठरेल. चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू मुलाला शक्ती देतो. तो जेवणाच्या वेळीच द्यावा, दिवसभर खिशात ठेवून कुरतडावयास देऊ नये, एवढेच पथ्य. मधल्या वेळेस फुटाणे, भाजलेले शेंगदाणे अथवा उकडलेले अंडे चालेल. आम्ल करणाऱ्या जंतूंना यांतून विशेष काही मिळत नाही. शाळेतील भोजनानंतर प्रत्येक मुलाने दोन खळखळून चुळा भराव्यात. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या डोंगरात वैशाखात हंडाभर पाण्यासाठी किती चालावे लागते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना शंभर मुलांच्या चुळांचे पाणी ही क्षुल्लक मागणी वाटणार नाही. तेव्हा शाळेच्या टाकीचा विषय पंचायतीच्या बैठकीत उन्हाळ्याआधीच यावा. फाटकाबाहेरच्या दुकानदाराशीही भांडण न करता बोलता येते. गोळ्यांच्या बरणीशेजारी फुटाण्याची बरणी ठेवण्यास तो बहुधा तयार होईल.

शेवटची सूचना पहिलीच्या वर्गशिक्षकांसाठी आहे. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. वर दोन, खाली दोन. कोणताही दुधाचा दात न पडता ती येत असल्यामुळे घरच्यांना तिचा पत्ता लागत नाही आणि किडली तरी 'दुधाची आहे, पडेल' म्हणून दुर्लक्ष होते. ती दुधाची नसते आणि पडून पुन्हा येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली पालघर येथे झाला. या कार्यक्रमाखाली शाळेत येणारी तपासणी पथके दातांचीही नोंद घेतात. परंतु पथक येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मुलाला खिडकीकडे तोंड करून उभे करावे, चूळ भरावयास सांगावी, तोंड मोठे उघडवून दोन्ही बाजूंस सर्वांत मागे पाहावे. दाढेच्या खाचेत काळा ठिपका किंवा खडूसारखा पांढरा डाग दिसला तर मुलाचे नाव, इयत्ता आणि दाढेची बाजू वहीत टिपून ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावी. तीस मुलांच्या वर्गाला या कामासाठी एक तास पुरतो.